पंगतीत कोण कुठे बसते : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात जेवणाखाण्याविषयीची पत्रे इतकी आली की इतर विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षातून चार वेळा उपासनेनंतर प्रीतिभोजन होते. पूर्वी सतरंज्या टाकून पंगत बसत असे. आता काही कुटुंबे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याचा विधी, आटोपून लगेच गाडी काढतात, स्वयंपाक मात्र त्याच पाच-सहा बहिणींच्या गळ्यात पडतो, आणि कमिटीने यंदा असे सुचवले आहे की पंगत बंद करून निघताना फाटकाशी प्रत्येकाच्या हातात बिर्याणीचा डबा द्यावा. प्रभुभोजन ही उपासना आणि नंतरचे जेवण हा नुसता पाहुणचार, तेव्हा डबा काय आणि पंगत काय, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : फरक पडतो, आणि तो का पडतो हे कळण्यासाठी सुमारे एकोणीसशे सत्तर वर्षे मागे, ग्रीस देशातल्या करिंथ शहरातल्या एका घरात जावे लागेल.

प्रभुभोजनाची सर्वात जुनी लिखित हकीकत शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, नाही. ती प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि हे पत्र इ. स. ५४-५५ च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे मानले जाते. ज्या शब्दांशी आपण आजही वेदीपुढे गुडघे टेकतो, "हे माझे शरीर आहे", ते शब्द पौलाने लिहून काढले ते पंक्तिप्रपंचाची तक्रार कानावर आली म्हणून. मंडळी एकत्र जमते, पण जो तो आपले जेवण आधी उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा मद्याने धुंद होतो, असे त्याला कळले होते. त्यावर तो विचारतो, "खाण्यापिण्यास तुम्हांला घरे नाहीत काय?" आणि लगेच पुढे, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता काय, असे विचारून मग येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीची हकीकत सांगतो. प्रभुभोजनाचा विधी आणि पंगतीतली वागणूक हे दोन विषय त्याच्या मनात वेगळे नव्हतेच.

त्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मंडळीला तेव्हा मंदिर नव्हते. एखाद्या सुखवस्तू बंधुभगिनीच्या घरी सर्व जमत. तशा रोमन घरातल्या भोजनकक्षात तीन बाजूंना बैठका मांडलेल्या असत आणि त्यांवर साधारण नऊ जण कुशीवर रेलून जेवू शकत. उरलेल्यांची सोय बाहेरच्या चौकात. रविवारची सुटी हा प्रकार कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२१ साली सुरू केला, म्हणजे पौलाच्या काळी गुलाम आणि मजूर दिवसभराचे काम संपवूनच येऊ शकत असणार. ते पोहोचेपर्यंत आतल्या नऊ जणांचे आटोपलेले असे, असे अनेक अभ्यासक मानतात. यात यजमानाला काही गैर वाटत नसावे, कारण त्या समाजाची रीतच तशी होती. पुढे दुसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला रोमन अधिकारी प्लिनी, जो ख्रिस्ती नव्हता, एका पत्रात अशा यजमानाची हकीकत सांगतो की ज्याने एकाच मेजवानीत तीन प्रतींचे मद्य ठेवले होते : एक स्वतःसाठी व बरोबरीच्यांसाठी, दुसरे कमी प्रतीच्या मित्रांसाठी आणि तिसरे दास्यमुक्त नोकरांसाठी. प्लिनीला ते पटले नाही. आपण सर्वांना एकच वाढतो, आणि परवडत नसेल तर आपणच नोकरांबरोबर हलके मद्य पितो, असे त्याने लिहून ठेवले आहे. जे एका मूर्तिपूजक सरदाराला कळत होते ते करिंथच्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना कळू नये, हे पौलाच्या संतापाचे कारण असावे असे मला नेहमी वाटते.

त्याने सुचवलेला उपायही पाहा. तो जेवण बंद करायला सांगत नाही. भोजनासाठी एकत्र येता तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढेच तो सांगतो. "शरीर" न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे वाक्य आपण भाकरीपुरते वाचतो. पण त्याच पत्राच्या पुढच्याच अध्यायात पौल मंडळीलाच ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. भाकरी ओळखली आणि चौकात ताटकळत बसलेला मजूर ओळखला नाही, तर शरीर ओळखले असे म्हणता येत नाही.

जेवणापासून सुवार्ता वेगळी काढता येत नाही याचा पुरावा अंत्युखियातही आहे. तेथे येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला जेवत होता. येरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहूदी माणसे आली तेव्हा लोक काय म्हणतील या भयाने तो हळूच उठून वेगळा बसू लागला. त्याने कोणताही सिद्धान्त नाकारला नव्हता, फक्त जागा बदलली होती, आणि तेवढ्यासाठी पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर विरोध केला. हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

आपल्या देशात ही जागा बदलण्याची खोड फार जुनी आहे. तंजावर भागातल्या मंडळ्यांत वरच्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत व प्रभुभोजन आधी घेत; १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद ताबडतोब सोडण्याचे फर्मान काढले तेव्हा अनेकांनी मंडळीच सोडली. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर ताटातूट झाली, आणि पुढे त्या पतीजवळ येऊन राहिल्या तेव्हाही त्यांचे पाणी आणि चूल वेगळी होती. त्यांचे सोवळे सुटले ते आधी, बाप्तिस्मा १९०० साली, नंतर. मला हा क्रम फार बोलका वाटतो. मन बदलण्याआधी ताट बदलले. आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःच्या घरचे सांगतो. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात, प्रभूच्या चित्राखालच्याच फळीवर, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. झाडलोट करायला येणाऱ्या बाईंना चहा त्यात मिळे, आणि त्याच तो विसळून पुन्हा पालथा घालीत. आमचे घर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती होते. त्या बाईही ख्रिस्तीच होत्या, आणि रविवारी आजीच्या मागच्या बाकावर बसून त्याच ताटलीतली भाकर घेत होत्या.

आता आपल्या डब्याकडे वळतो. आरंभीच्या मंडळीत खरोखरच डबा होता. सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहिले आहे त्यात उपकारस्तुती केलेली भाकर व प्याला उपस्थितांना दिल्यावर सेवक तो वाटा गैरहजर असलेल्यांकडे पोहोचवतात असे म्हटले आहे, आणि त्याच ओघात अनाथ, विधवा, आजारी व तुरुंगात असलेले यांच्यासाठी जमवलेल्या मदतीचाही उल्लेख आहे. म्हणजे वाटा बाहेर जाई तो ज्याला येता येत नसे त्याच्यासाठी. आपल्या कमिटीने हीच दिशा उलटी केली आहे : येऊ शकणाऱ्याला थांबावे लागू नये म्हणून डबा. माझी सूचना अशी की डबे जरूर भरावेत, पण ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या, रात्रपाळीवर असलेल्यांच्या आणि इस्पितळात सोबतीला बसलेल्यांच्या नावाने भरावेत, आणि ते पोहोचवण्याचे काम गाडी असलेल्या कुटुंबांकडे सोपवावे. त्यांना लवकर निघायचेच असेल तर निघताना दोन डबे घेऊन निघावे.

जेवण आणि विधी यांची फारकत आजची नाही हेही मान्य केले पाहिजे. चौथ्या शतकातच लावदिकिया येथील धर्मपरिषदेने मंदिरात प्रीतिभोजन करू नये असा नियम केला होता, कारण गर्दी वाढली होती आणि गैरप्रकारही होत होते. त्यामुळे पंगत बंद करणारी मंडळी पाखंडी ठरते असे मी म्हणणार नाही. तिचे काय जाते, एवढेच सांगतो आहे.

राहता राहिला त्या पाच-सहा बहिणींचा प्रश्न, आणि मला तो डब्यापेक्षा मोठा वाटतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्यात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने सर्वांवर येते. आजार किंवा महत्त्वाचे काम सोडल्यास कोणाला सूट नाही. पाळी संपणाऱ्याने शनिवारी सगळी भांडी स्वच्छ करून परत द्यायची, हातपाय पुसण्याचे पंचे धुवायचे, आणि मग पाळी सोडणाऱ्याने व घेणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे. आपल्या मंडळीतल्या पुरुष सभासदांची यादी काढावी आणि पुढच्या प्रीतिभोजनाला कांदे कोणी चिरायचे ते तीवरून ठरवावे. भगुणी घासण्याची पाळी कमिटीच्या सभासदांपासून सुरू केली तर बाकीचे आपोआप येतील.

एक जाता जाता. मी एकदा एका खेड्यातल्या मंडळीच्या पंगतीत अगदी शेवटी बसलो होतो. पुढच्या पानांवर मटणाचे तुकडे पडत होते आणि आमच्याकडे येईपर्यंत नुसता रस्सा उरला होता, कारण वाढपी पळी वरच्यावर फिरवत होता व पुढे बसलेल्यांसाठी मात्र तळाशी घालत होता. त्याच्या मनात काही नव्हते. ओळखीचे चेहरे दिसले की हात आपोआप खोल जातो. पंगत ठेवणार असाल तर शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात करा.

प्रश्न : शेजारच्या काकू सत्यनारायणाच्या पूजेनंतर शिऱ्याचा प्रसाद आणून देतात. आमच्या घरी वडील तो घेतात, पण खात नाहीत. आई निमूट खाते. धाकटा भाऊ म्हणतो की दारातच नाही म्हणावे. नाताळला आम्ही त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठवतो आणि ते आनंदाने खातात. आमचे कोणाचे बरोबर?
— एक युवक, वसई

उत्तर : एकाच घरात तीन उत्तरे आहेत, आणि गंमत अशी की तिन्ही उत्तरे करिंथमध्येही होती. तेथल्या बाजारात विकले जाणारे पुष्कळसे मांस कोणत्या ना कोणत्या देवळातून आलेले असे, आणि देवळांना लागून जेवणाच्या खोल्याही असत. तशा खोल्या तेथील उत्खननात सापडल्या आहेत. पौलाने पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत तीन प्रसंग वेगळे केले आहेत. देवळातल्या विधीच्या पंक्तीला बसणे त्याने नाकारले. बाजारात मिळते ते चौकशी न करता खावे, असे सांगितले. आणि ज्याचा विश्वास वेगळा आहे अशा माणसाने घरी बोलावले व जावेसे वाटले, तर जे वाढले जाईल ते खावे. मात्र हे अमुक देवाला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नये.

आपल्या काकू शिरा देताना तो प्रसाद आहे हे सांगतातच, म्हणून पौलाचे शेवटचे वाक्य आपल्या वडिलांच्या बाजूचे आहे, आणि अनेक धर्मगुरू व पाळक हाच सल्ला देतील. त्यांचा मान राखूनच मी माझे मत मांडतो. पूजेत सहभागी होणे आणि शेजारणीने मायेने आणलेली वाटी हातात घेणे या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. पौलाचा प्रश्न "हा पदार्थ बाटलेला आहे काय" हा नाहीच. मूर्ती म्हणजे काही नाही, हे तो आधीच सांगून बसला आहे. त्याला चिंता आहे ती समोरच्या दुबळ्या विवेकाच्या माणसाची. आपल्या आईने शिरा खाल्ल्यामुळे काकूंचा किंवा मंडळीतल्या कोणाचा गैरसमज होत असेल तर आईने थांबावे. होत नसेल तर आईला दोष देऊ नये. ज्याचा विवेक नाही म्हणतो त्याने मात्र तसे सरळ आणि हात जोडून सांगावे, आणि घरात बोलावून चहा द्यावा. वडील घेतात आणि मागच्या दाराने टाकतात, असे होत असेल तर तिन्हींत ते सर्वात वाईट. अन्नही गेले आणि खरेपणाही गेला.

दारातच नाही म्हणू पाहणाऱ्या धाकट्या भावाला एक जुनी गोष्ट सांगावी. १८९० साली पुण्यात गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना बोलावणे धाडले. तेथे चहा पुढे आला. काहींनी घेतला, काहींनी तोंडाला लावला न लावला, आणि गोपाळरावांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. त्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा एवढा जड होता. आज काकू तुमची करंजी खातात, त्यामागे किती लोकांनी सोसले आहे ते त्याला कळेल.

ताट पाठवताना एक पथ्य आपणही पाळावे. शाकाहारी घरी अंड्याचा केक किंवा रमची चव असलेला पदार्थ न सांगता पाठवू नये. करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा वेगळ्या डब्यात द्यावेत. पौलाने सांगितलेला दुसऱ्याच्या विवेकाचा विचार उलट दिशेनेही लागू होतो.

प्रश्न : करोनाच्या साथीपासून आमच्याकडे प्रभुभोजनासाठी छोटे छोटे पेले आले ते कायमचेच. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की एकाच प्याल्यातून घेतल्याशिवाय ते प्रभुभोजन होत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होते. छोटे पेले करोनाने आणलेले नाहीत. अमेरिकेतल्या मंडळ्यांत ते १८९० च्या दशकातच संसर्गाच्या भीतीने आले. रोमन कॅथलिक परंपरेत भाविकांना पुष्कळदा फक्त भाकरीच मिळते आणि तीत ख्रिस्त पूर्णपणे लाभतो अशी त्यांची श्रद्धा आहे. पौल ऐक्याचा आधार देतो तो "एक भाकर" हा. तेव्हा निदान भाकर तरी एक असू द्यावी व ती सर्वांसमोर मोडावी, आधी चौकोनी तुकडे करून आणू नयेत. पेल्यांच्या बाबतीत आपण स्वतःला एकच गोष्ट विचारावी : आपल्याला भय आजाराचे आहे की कोणाच्या तरी उष्ट्याचे? पहिले असेल तर पेले ठेवा.

प्रश्न : यजमान जाऊन चार वर्षे झाली, दोन्ही मुले परदेशी. मी टीव्हीसमोर ताट घेऊन बसते. पूर्वी जेवणाआधी सगळे हात धरून प्रार्थना करायचो. आता एकटीने ते शब्द म्हणताना ओशाळल्यासारखे होते, म्हणून सोडून दिले. एकटीच्या जेवणाला काही आध्यात्मिक अर्थ असतो का?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, प्रथम हे मान्य करू या की आपले काहीतरी खरोखर गेले आहे. बेनेडिक्ट यांच्या मठात चुकलेल्या बंधूला जी शिक्षा होती ती हीच, सर्वांचे झाल्यावर एकट्याने जेवायचे. आपल्यावर ती कोणत्याही चुकीवाचून आली आहे. तेव्हा एकट्याचे जेवणही तितकेच गोड असते असे मी म्हणणार नाही.

परंतु प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत एकटीने म्हणण्याजोगा एकही शब्द नाही. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असे आपण रिकाम्या घरात म्हणता तेव्हाही त्या "आमची"मध्ये आपली मुले येतात, भाजीवाला येतो, आणि त्याच वेळी कुठेतरी एकटाच ताट घेऊन बसलेला आणखी कोणी येतो. म्हणून ओशाळू नका. आवाजही करा, मनातल्या मनात नको.

एलीया संदेष्ट्याची हकीकत पुन्हा वाचा, बायबलमधल्या राजे यांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. तो रानात एका झुडपाखाली मरण मागत झोपला आहे. देवदूत त्याला उपदेश करीत नाही; ऊठ, खा, एवढेच म्हणतो, आणि उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई असते. एलीया खातो, आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच सांगतो. एकट्या, थकलेल्या माणसाला वेळेवर जेवू घालणे हे या कथेत देवाचे काम आहे, आणि आपण स्वतःसाठी गरम आमटी टाकता तेव्हा ते काम आपल्या हातून होत असते. उभ्याउभ्या कालचा भात संपवणे बंद करा. ताट मांडा, पाणी भरून घ्या.

बाकीचे काम आपले नाही, आपल्या मंडळीचे आहे. आपल्या पाळकसाहेबांना हा अंक दाखवा आणि सांगा की मला आठवड्यातून एका घरी जेवायला बोलवा. मागायला संकोच वाटेल. प्रभूनेही जक्कयाला झाडावरून खाली बोलावून, आज तुझ्या घरी उतरायचे आहे, असे स्वतःहून सांगितले होते.

प्रश्न : गोव्यात माझ्या आजोळी लग्नाच्या आधी "भिकाऱ्यांचे जेवण" घालण्याची पद्धत होती. यंदा मामेभावाच्या लग्नात ती वगळून तेवढे पैसे एका संस्थेला देण्यात आले. मला चुकल्यासारखे वाटले, पण कारण सांगता येईना.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : कारण लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरिबांना, व्यंगांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, असे येशूने यजमानाला त्याच्याच पंक्तीला बसून सांगितले. आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात, कोणी किती घातले ते पाहून पुढे तेवढेच घालतात. त्या वहीत ज्याचे नाव येऊ शकत नाही अशा पाहुण्यांची ही पंगत आहे. गोव्यातील कॅथलिक कुटुंबे ती घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ घालतात, म्हणजे जे परत देऊ शकत नाहीत अशांच्या आठवणीत, जे परत देऊ शकत नाहीत अशांना. संस्थेला दिलेले पैसे वाया गेले नाहीत, परंतु धनादेश जेवत नाही. मामेभावाने त्या लोकांना पानावर बसवून, वाकून, स्वतः भात वाढला असता, तो प्रसंग पैशांनी झाला नाही.

प्रश्न : शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी कोर्टकचेरी झाली. अकरा वर्षे आम्ही एकमेकांच्या घरचे पाणी प्यायलेलो नाही. आता पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली आहे. पुतण्या स्वतः घेऊन आला. पाळक म्हणतात जा. जाऊन, आशीर्वाद देऊन, जेवल्याशिवाय परतलो तर चालेल का?
— एक शेतकरी बंधू, जालना जिल्हा

उत्तर : दादा, आपल्या गावात जेवल्याशिवाय परतलेला पाहुणा सर्वांच्या लक्षात राहतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तशा जाण्यापेक्षा न जाणे बरे.

शेवटच्या भोजनात येशूने काय केले ते योहानाच्या तेराव्या अध्यायात पाहा. ज्याने माझे अन्न खाल्ले त्यानेच माझ्यावर लाथ उगारली, हे स्तोत्रातले वचन तो आधी उच्चारतो. खाल्ल्या मिठाला न जागणे म्हणतात तेच. आणि नंतर त्याच माणसाला, विश्वासघात करणाऱ्या यहूदाला, तो भाकरीचा तुकडा बुडवून आपल्या हाताने देतो. यहूदा तो घेऊन बाहेर पडला आणि ठरवलेले करूनच राहिला. म्हणजे एकत्र जेवल्याने भांडण मिटेलच अशी हमी प्रभूलाही मिळाली नाही. आपल्यालाही देता येत नाही.

दुसरी बाजू त्याच पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. महायाजकाच्या वाड्यात, जेथे तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता, पेत्राने तीन वेळा येशूला ओळखत नाही म्हटले होते. आता तिबिर्याच्या समुद्रकाठी, रात्रभर मासे न मिळाल्यावर, तो किनाऱ्याला येतो तर तेथे पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी आला आहे. पेत्राला तो वास ओळखू आला नसेल असे मला वाटत नाही. तरीही येशू तेथे हिशेब काढत नाही. "या, न्याहारी करा," एवढेच म्हणतो. तू माझ्यावर प्रीती करतोस काय, हा प्रश्न त्याने तीन वेळा विचारला खरा, पण तो न्याहारी आटोपल्यावर.

आपला क्रम तोच ठेवा. लग्नाला आदल्या दिवशी जा, म्हणजे पाहुणा म्हणून नव्हे तर घरचा म्हणून पोहोचाल. आहेराचे पाकीट पुतण्याला न देता वहिनींच्या हाती द्या. बांधाचा विषय आपण काढू नका, आणि भाऊबंदांपैकी कोणी काढलाच तर तो लग्नानंतरच्या रविवारावर ढकला. त्या दिवशी बोलायला बसताना तिसरा माणूस म्हणून आपल्या पाळकांना न्या. आणि पंगतीत भाऊ स्वतः वाढायला आला तर पानावर आडवा हात धरू नका.